जमिनीखालचे कापड : ग्रॅम पाहू नका, माती विचारा

कापडाची पारख आपण हाताने करतो. ताग्याचे टोक बोटांत चोळले, उजेडाकडे धरले, एक धागा उसकून पाहिला की सूत कोणते आणि माल कोणत्या प्रतीचा, हे आपल्या पेठेतला जुना व्यापारी लगेच सांगतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे आली आणि तिच्यावरच आपली रोजीरोटी चालली. परंतु आता आपल्या दुकानात अशा एका कापडाची चौकशी होऊ लागली आहे की ज्यापुढे बोटांची ही पारख अपुरी पडते. ते कापड कोणी अंगावर घालत नाही. रस्त्याच्या खडीखाली, पाण्याचा निचरा करणाऱ्या चरात, संरक्षक भिंतीच्या पाठीमागे आणि नदीकाठच्या दगडांखाली ते गाडले जाते. त्याचे नाव जिओटेक्स्टाईल.

ठेकेदार मंडळी कापड म्हटले की ओळखीच्या कापडवाल्याकडे येतात. ऑर्डर मोठी असते, रंग-डिझाईनची कटकट नसते, म्हणून आपणही होकार देतो. धंदा चांगला आहे, यात शंका नाही. पण माहिती न घेता केला तर नुकसान किती होते, ते मी स्वतः सोसले आहे. म्हणून हा लेख.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी भिवंडीच्या आसपासच्या एका गोदामाच्या आवारात निचऱ्याचे चर खोदायचे होते. चरात खडी, मध्ये भोके पाडलेला पाईप आणि सभोवती कापड, असे काम. ठेकेदाराने मला विचारले, "सेठ, दोनशे ग्रॅमचे कापड स्वस्तात द्या. जमिनीतच गाडायचे आहे, कोण पाहणार?" माझ्याकडे पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्टीचे विणलेले कापड होते. पोत्याच्या कापडाच्या जातीचे, दोनशे ग्रॅम भरणारे, ओढून फाटत नाही असे. मजबूत माल आहे, दर कमी आहे, मला वाटले सौदा दोघांच्याही फायद्याचा. मी माल दिला.

पहिल्याच पावसाळ्यात आवारात पाणी तुंबले आणि गोदामात शिरले. आत लहान व्यापाऱ्यांचा माल होता, तो भिजला. पाऊस उघडल्यावर चर उकरला. आतली खडी जवळजवळ कोरडी आणि कापडाच्या बाहेर गुळगुळीत चिखलाचा थर! पाणी चरापर्यंत आले होते, पण कापडाने त्याला आत येऊ दिले नव्हते. पाहणीला आलेले इंजिनिअर म्हणाले, "सेठ, इथे पाणी सोडणारे कापड हवे होते, तुम्ही अडवणारे दिलेत." कापड वजनात बरोबर होते, ताकदीत बरोबर होते आणि तरीही चुकीचे होते. नुकसानीचा वाटा मला उचलावा लागला. पैशापेक्षा जास्त सलले ते हे की ज्यांचा माल भिजला त्यांचा या सौद्याशी काही संबंधही नव्हता.

त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. जे कळले ते सोप्या भाषेत मांडतो.

हे कापड करते काय?

रस्त्याखाली कापड घालण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्याने १९२६ मध्ये रस्त्यात सुती कापड घालून प्रयोग केले होते. सूत जमिनीत कुजते, म्हणून खरी प्रगती कृत्रिम धागा आल्यावर झाली. १९५३ च्या भीषण पुरात हॉलंडमध्ये अठराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर तिथे समुद्र रोखण्याची जी प्रचंड कामे झाली, त्यांत विणलेले कृत्रिम कापड वापरले गेले. 'जिओटेक्स्टाईल' हा शब्द मात्र १९७७ च्या सुमारास रूढ झाला.

जमिनीखाली हे कापड मुख्यतः चार कामे करते.

पहिले, वेगळे ठेवणे. खाली काळी माती आणि वर खडी असेल तर वाहनांच्या दाबाने खडी मातीत रुतते आणि चिखल खडीत चढतो. मध्ये कापड असले की दोन्ही थर आपापल्या जागी राहतात.

दुसरे, गाळणे. माती अडवायची आणि पाणी जाऊ द्यायचे. चहाच्या गाळणीसारखे हे काम आहे. फरक इतकाच की ही गाळणी वर्षानुवर्षे धुता येत नाही.

तिसरे, पाणी वाहून नेणे. जाड नॉन-वोव्हन कापड स्वतःच्या जाडीतूनही थोडे पाणी वाहते.

चौथे, बळकटी देणे. भराव किंवा उतार खचू नये म्हणून ताण सोसणे.

ग्राहक दारात आला की पहिला प्रश्न ग्रॅमचा विचारू नये. "काम कोणते?" हा विचारावा. वेगळे ठेवण्यासाठी जे कापड उत्तम, ते गाळण्यासाठी निकामी ठरू शकते.

विणलेले की न विणलेले?

विणलेल्या कापडात ताकद जास्त आणि ताण कमी. भरावाला बळकटी द्यायची असेल, खराब जमिनीवर रस्ता करायचा असेल, तर ते योग्य. पण विणलेल्यातही दोन जाती आहेत. गोल तंतूंच्या धाग्यांनी विणलेल्या कापडाची भोके सारखी राहतात. चपट्या पट्टीच्या कापडात पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात, मोकळी भोके थोडी आणि वेडीवाकडी असतात. मातीच्या बारीक कणांनी ती लवकर झाकली जातात, आणि ओढ बसली की पट्ट्या सरकून एखाद्या जागी भोक मोठेही होते. अमेरिकेतील महामार्ग अधिकाऱ्यांच्या 'आश्टो' या संस्थेचे 'एम २८८' नावाचे विनिर्देश आहे. त्यात निचऱ्याच्या कामासाठी हे चपट्या पट्टीचे कापड वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. हे एक वाक्य मला आधी माहीत असते तर वरची गोष्ट घडलीच नसती.

नॉन-वोव्हन कापड म्हणजे नमद्यासारखे. काटेरी सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवून बनवतात, त्याला बाजारात नीडल पंच म्हणतात. ते ताणले जाते, खडबडीत खडीवर नीट बसते आणि पाणी झटपट सोडते. चर, संरक्षक भिंतीची पाठ, दगडी पिचिंगखालचा थर अशा ठिकाणी साधारणपणे हेच मागितले जाते.

धाग्याचाही विचार करावा. पॉलिप्रॉपिलीन हलके असते आणि आम्ल-क्षार या दोहोंना पुरून उरते, पण योग्य मिश्रण घातलेले नसेल तर उन्हात लवकर सडते. पॉलिस्टर सततचा ताण वर्षानुवर्षे सोसते, म्हणून बळकटीच्या कामात त्याला मान आहे. मात्र ताजे काँक्रीट किंवा चुना मिसळलेली माती यांच्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये, कारण तीव्र क्षाराने ते हळूहळू खचते. ताग आणि काथ्या यांची कापडे काही काळानंतर कुजतात. उतारावर गवत रुजेपर्यंत माती धरून ठेवायची असेल तर तेच हवे असते. २०२० मध्ये केंद्र सरकारने ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी काथ्याच्या जिओटेक्स्टाईलला मान्यता दिली. पण कायमच्या निचऱ्याच्या चरात ताग-काथ्या घालू नये.

माती बारीक की जाडी?

निचऱ्याचे कापड निवडताना खरी किल्ली मातीत आहे. माती ०.०७५ मिलिमीटरच्या चाळणीतून धुऊन काढली असता शेकडा किती भाग खाली जातो, एवढे इंजिनिअरकडून किंवा प्रयोगशाळेच्या अहवालातून मिळवावे. एम २८८ मध्ये त्यानुसार तीन पायऱ्या आहेत.

१) शेकडा १५ पेक्षा कमी भाग खाली जात असेल, म्हणजे माती रेताड असेल, तर कापडाचे भोक जास्तीत जास्त ०.४३ मिलिमीटर आणि परमिटिव्हिटी किमान प्रति सेकंद ०.५.

२) १५ ते ५० भाग जात असेल, तर भोक जास्तीत जास्त ०.२५ मिलिमीटर आणि परमिटिव्हिटी किमान ०.२.

३) ५० पेक्षा जास्त भाग जात असेल, तर भोक जास्तीत जास्त ०.२२ मिलिमीटर आणि परमिटिव्हिटी किमान ०.१. आपल्याकडील काळी चिकण माती बहुधा याच पायरीत येते.

या भोकाच्या मापाला कागदावर एओएस म्हणतात. परमिटिव्हिटी म्हणजे कापड पाणी किती सहज आरपार जाऊ देते त्याचे माप. पहिला आकडा माती अडवण्यासाठी, म्हणून तो 'जास्तीत जास्त' असतो. दुसरा पाणी सोडण्यासाठी, म्हणून तो 'किमान' असतो. ही दोन्ही मापे एकदम जमली पाहिजेत. ग्रॅमवरून यांपैकी एकही कळत नाही. माझ्या त्या दोनशे ग्रॅमच्या कापडाने दुसऱ्या मापात दगा दिला.

माती अगदी पिठासारखी असेल, पाण्यात आपोआप विरघळून गढूळ होत असेल, किंवा चरात सांडपाणी येणार असेल, तर या तीन पायऱ्यांवर विसंबू नये. तिथे त्याच मातीसोबत कापडाची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी.

ताकद किती?

पुष्कळदा कापड वापरात फाटत नाही, बसवताना फाटते. टोकदार खडी वरून ओतली जाते, त्यावर रोलर फिरतो. म्हणून एम २८८ मध्ये ताकदीचे तीन वर्ग केले आहेत. निचऱ्यासाठी सर्वसाधारणपणे दुसरा वर्ग धरतात. नीडल पंच कापडासाठी त्यात ग्रॅब ताकद किमान ७०० न्यूटन, म्हणजे साधारण ७१ किलोचा ओढा, आणि सीबीआर पंक्चर किमान १,३७५ न्यूटन लागते. काम जास्त खडतर असेल तर पहिला वर्ग, त्यात ग्रॅब ताकद ९०० न्यूटन.

आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोची स्वतंत्र मानके आहेत. जमिनीखालील निचऱ्याच्या कापडासाठी आय.एस. १६३९३ आणि रस्त्याखाली थर वेगळे ठेवण्याच्या कापडासाठी आय.एस. १६३९१. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देश ग्रंथातही ७०० क्रमांकाचा विभाग याच विषयाला दिलेला आहे. टेंडरमध्ये यांपैकी कशाचा उल्लेख आहे ते आधी पाहावे आणि त्याप्रमाणेच भाव द्यावा.

कागद कसा वाचावा?

या मालाबरोबर कारखान्याचा माहिती-तक्ता येतो, तो इंग्रजीत असतो. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झाले, त्यामुळे तो कागद न वाचताच फाईलमध्ये जातो. इंग्रजीचे भय बाळगू नये. पाच ओळी शोधल्या तरी पुरे : धागा कोणता, ग्रॅब ताकद, पंक्चर, एओएस आणि परमिटिव्हिटी.

त्यानंतर एक गोष्ट बारकाईने पाहावी. आकड्यांच्या डोक्यावर 'टिपिकल' लिहिले आहे की 'एमएआरव्ही'? टिपिकल म्हणजे नुसती सरासरी. याचा अर्थ निम्मा माल त्याखाली असू शकतो. एमएआरव्ही म्हणजे रोलच्या सरासरीची किमान मर्यादा, जिच्याखाली शंभरातले दोन-तीनच रोल जावेत असे गणित केलेले असते. सरकारी कामात हाच आकडा धरला जातो. एका कागदावर टिपिकल ७५० आणि दुसऱ्यावर एमएआरव्ही ७०० असेल, तर दुसरा माल बहुधा चांगला असतो. आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नये.

दुकानातली तपासणी

आपली जुनी पारख अगदीच वाया गेलेली नाही. वजन पाहा. १०० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद रोल म्हणजे ५०० चौरस मीटर. २०० ग्रॅमचा माल असेल तर कापडाचे वजन १०० किलो भरले पाहिजे. आतल्या नळीचे वजन वजा केल्यावर ९० किलो भरले, तर तो माल १८० ग्रॅमचा आहे. हा दहा टक्के माल कोणाच्या खिशात गेला, ते विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. रोलची लांबी-रुंदीही मोजावी.

धागा ओळखायला तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून हवा काढून टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पॉलिस्टर बुडते. उजेडासमोर धरून पाहा, कुठे विरळ, कुठे दाट असे दिसले तर तो रोल बाजूला काढा. बाटल्यांपासून बनवलेल्या जुन्या धाग्याचा मालही बाजारात असतो. तो विकायचा तर सांगून विकावा, नव्या धाग्याचा म्हणून खपवू नये.

एवढे झाले तरी एओएस आणि परमिटिव्हिटी दुकानात कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन, म्हणजे बीटीआरए, ही संस्था जिओटेक्स्टाईलच्या चाचण्या करते. नमुना देताना रोलचा बाहेरचा वेढा सोडून, पूर्ण रुंदीचा तुकडा कापून द्यावा. मोठ्या ऑर्डरच्या तुलनेत चाचणीचा खर्च नगण्य असतो.

२०२३ मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने १९ प्रकारच्या जिओटेक्स्टाईलसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश जाहीर केला. अशा आदेशांच्या मुदती आणि सवलती बदलत असतात. म्हणून माल भरण्यापूर्वी आपल्या मालावर आज आय.एस.आय. शिक्क्याची सक्ती आहे का, हे मानक ब्यूरोकडून समजून घ्यावे.

चराचा हिशोब

ठेकेदार किती मीटर कापड लागेल असे विचारतात, तेव्हा हिशोब असा करावा. चर अर्धा मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर खोल आहे. तळाला ०.५, दोन्ही बाजूंना मिळून १.६, वरून झाकायला ०.५ आणि एकावर एक चढवायला ०.३, एकूण २.९ मीटर. म्हणजे ३ मीटर रुंदीचे कापड मागवावे. १०० मीटर चराला ३०० चौरस मीटर आणि वर जोडांसाठी थोडे अधिक. जिथे एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो, तिथे किमान ३० सेंटिमीटर चढ द्यावा. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूचा तुकडा वर असावा, कौले रचतो तसे.

कापड जमिनीला लगटून बसवावे, मात्र ताणू नये. खडी उंचावरून टाकू नये. रोल उन्हात उघडे ठेवू नयेत आणि अंथरलेले कापड १४ दिवसांच्या आत झाकावे. हे सारे माल देतानाच ठेकेदाराला सांगावे. त्याने निष्काळजीपणे फाडलेल्या कापडाचा दोषही शेवटी कापडवाल्यावरच येतो.

शिवणकाम करणाऱ्या बंधूंसाठी

या धंद्यात कारागिरांनाही काम आहे. जमीन फार मऊ असेल तिथे नुसता चढ पुरत नाही, दोन पट्टे शिवावे लागतात. नदीकाठ आणि किनाऱ्याच्या धूपबंदीसाठी वाळू भरायच्या मोठ्या पिशव्या, म्हणजे जिओबॅग, शिवून लागतात. आपल्या वस्त्यांत शिलाई जाणणारे हात पुष्कळ आहेत. मात्र शिवणीचे नियम वेगळे. सुती धागा चालत नाही, तो मातीत कुजतो. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचाच घ्यावा. पोती बंद करण्याच्या मशीनची एकेरी साखळी एक टोक ओढताच सरसर उसवते, म्हणून दोन धाग्यांचा साखळी टाका घालावा. धागा कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा असावा, म्हणजे तपासनिसाला चुकलेला टाका दिसतो. शिवणीची ताकद कापडाच्या ग्रॅब ताकदीच्या शेकडा ९० भरली पाहिजे. ७०० न्यूटनच्या कापडाला ६३०. ज्याची शिवण या चाचणीला उतरेल, त्याला हे काम मिळण्याची आशा आहे.

साध्या पॉवरलूमवर मात्र हे कापड निघेल, या भ्रमात राहू नये. त्याला रुंद आणि भारी माग लागतात, नीडल पंचची तर यंत्रेच निराळी. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. पण कर्ज काढून यंत्र मांडण्याआधी दोन-चार वर्षे व्यापार आणि शिवणकाम करून बाजार समजून घ्यावा, असे माझे मत आहे.

शेवटी

अंगावरचे कापड खराब निघाले तर ग्राहक आठ दिवसांत परत येतो आणि आपण बदलून देतो. जमिनीखालचे कापड खराब निघाले तर ते कळायला एक पावसाळा जातो आणि बदलायला सगळे काम उखडावे लागते. तोवर भोगतो तो तिसराच कोणी. ज्याच्या दारात पाणी शिरते, ज्याची भिंत कलते, ज्याच्या गावचा रस्ता खचतो.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, यापुढे कोणी "दोनशे ग्रॅम द्या" म्हणाले, तर त्याला बसवा, चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा : काम कोणते, माती कशी, पाणी किती? त्याला उत्तर माहीत नसेल तर इंजिनिअरकडून आणायला सांगा. दोन दिवस उशीर होईल, कदाचित एखादी ऑर्डर हातची जाईल. मी ते दोन दिवस वाचवले होते. पुढचा पूर्ण पावसाळा मला त्याची किंमत मोजावी लागली.